बीअरच्या पातेल्यात बदकाची चरबी

हॅम्बुर्ग, रविवार

आलोईस म्हाताऱ्या,

मी धडधाकट आहे. लेकीचं बाळ दूध पितं नि तुझ्यासारखं घोरतं. तू सूप गरम करून खातोस ना?

एक गोष्ट पोटात राहत नाही. तू घरी केलेल्या पिल्सनर बीअरवर फेस धरेना, तेव्हा तू म्हणालास, "कोर्बिनियाननं जुनाट बार्लीचं माल्ट दळून दिलं." जानेवारीपासून त्या सख्ख्या भावाशी बोलत नाहीस. सहा आठवडे तळघरात गार ठेवलेली बीअर तू मोरीत ओतलीस, आणि मी मागे गुमान बटाटे सोलत बसले.

माल्ट चांगलं होतं. नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणाच्या बदकाची चरबी मी तुझ्या बीअरच्या पातेल्यात कढवली होती. नंतर पुसलं, पण घाईत. चरबी लागली की फेस मरतो, हे चाळीस वर्षं तुझ्याच तोंडून ऐकलंय. तरी माझी जीभ उचलली नाही. एरवी कुणाला ऐकते का मी?

कोर्बिनियानकडे जा, हे पत्र मोठ्यानं वाच. माझ्या नावानं पहिली शिवी त्यालाच घालू दे. त्याचा गुडघा कसा आहे?

चरबीची बरणी लोणच्यामागे आहे. ती घेऊन जा, पावाला लावून दोघं खा. चांगली झाली आहे.

बोलणी खायला परत येणारी,
तुझी वाल्बुर्गा