कोर्ट उठेपर्यंत

११ मार्च, बुधवार

जळाली. वरच्या वाटणीतली हापूसची सगळी कलमं जळाली.

महाडहून आलो तेव्हा धूर निवत होता. लोक आपले 'वणवा, वणवा' करतायत. वणवा नव्हे! वणवा डोंगरातून उतरतो. ही आग खालून, बांधाजवळून उठली आणि पश्चिमेच्या वाऱ्यावर चढली. म्हणजे कुणीतरी भर दुपारी राब भाजायला घेतला. भाताची रोपं टाकायची जागा शेण-पाला पसरून भाजून घ्यायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ती सकाळी भाजायची, वारा उठायच्या आत, कडेचं गवत कापून, पाण्याचा हंडा जवळ ठेवून — हेही कळतं!

बायकोचा, दर्शनाचा, उजवा तळवा भाजला. विझवायला धावली असणार. पोलादपूरला नेऊन पट्टी केली. सकाळी निघताना मी तिच्यावर करवादलो होतो, की सगळ्यांचे राब भाजून झाले, आपलाच पडलाय. त्याचंही वाईट वाटलं.

संध्याकाळी देवळापुढच्या सहाणेच्या चौथऱ्यावर सगळ्यांदेखत सांगितलं — ज्याने काडी लावली त्याला सोडणार नाही, देवाचा बाप असला तरी आत घालीन. बाया दारादारांत उभ्या होत्या, दर्शनाही. मग आमच्या बांधाला बांध असलेला हैबतीतात्या पुढे आला. मुंडासं काढून हातात धरलं.

"मीच लावली रे, मुरारी. वारा फिरला."

सत्तरीचा माणूस! जन्म राब भाजण्यात गेलेला!

१२ मार्च

पोलिसात तक्रार दिली. हवालदाराने 'अंदाजे पंधरा-वीस झाडे' लिहिलं. मी खोडायला लावलं. अंदाजे कशाला? प्रत्येक झाड मी ओळखतो. नववीत शाळा सुटली, कलम बांधायला कुणी शिकवलं नाही. पुस्तकं वाचून आणि बोटं कापून घेऊन शिकलो. काप तिरका किती, पट्टी किती घट्ट, सगळं स्वतः.

जागेचा नकाशा काढला. वाऱ्याची दिशा बाणाने दाखवली. तात्याच्या बाजूचं गवत जेमतेम हातभर जळलंय, आमच्याकडचं सगळं. नशीबसुद्धा चुकणाऱ्याची बाजू घेतं! आमचा राब मात्र तळापर्यंत झकास भाजलाय, पांढरी राख. आयती भाजणी! हसावं की रडावं.

१५ मार्च

गावकी बसली. मुंबई मंडळ मोबाईलवर. मंडळातला चंदू डोंबिवलीहून स्पीकरवर मला शिकवत होता, की दादा, सेटल करून टाका, पोलीस-कोर्टचं लफडं कशाला. ठरलं असं — तात्याने देवापुढे नारळ ठेवावा, माझी माफी मागावी, पावसात नवी रोपं लावायला अंगमेहनत द्यावी. सगळ्यांच्या माना हलल्या. महिपती पाटील तर म्हणाला, "नारळाचं खोबरं झाडांना घाल, वाढतील जोमात." हशा!

मी उठून आलो. करपलेली साल नारळाने हिरवी होत नाही. माफी मागणाऱ्याला काय, तोंड आहे. झाडांना तोंड असतं तर त्यांना विचारा म्हणावं.

दर्शना म्हणाली, "नारळावर भागत होतं ते भागवायचं होतं." हात हिचा भाजलाय, आणि ही बोलते हे!

२० मार्च

महाडला गेलो. चवदार तळ्यावर रीघ, एसटी बाहेरच थांबवली. नागसेन वकील तिथेच पाणी वाटपाच्या मंडपात सापडला. त्याला न्याय संहितेचं पुस्तक उघडून दाखवलं. कलम २८७, आगीबाबत हयगय, सहा महिन्यांपर्यंत कैद. तो म्हणाला, पाठ केलंस की काय! केलंयच.

मग ग्लास भरता भरता मला विचारतो, "तात्या आत गेला तर काय होईल?" मी म्हटलं, जरब बसेल. रोगट फांदी आपण छाटतो ती फांदीवरच्या रागाने नाही, झाडासाठी. तो म्हणाला, "तात्या पुन्हा आग लावेल असं वाटतं तुला?" नाही, पण दुसरे लावतील. "मग दुसऱ्यांच्या चुकीसाठी तात्याने तुरुंगात बसायचं?"

उत्तर सुचलं ते परतीच्या वाटेवर, एसटीत. जरब, सुधारणा हे सगळं राहू दे बाजूला. ज्याने केलं त्याने भोगावं — एवढंच. त्याच्याही खाली उतरलं तर न्याय कशाला म्हणायचं? पुढच्या भेटीत सांगणार आहे त्याला.

२ एप्रिल

तात्याची ठमाबाई ओटीवर येऊन बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "सा म्हयनं घातलंनी तर तितं त्यांला पेज कोन देल रे? दात नाय त्यांला." मी आत निघून गेलो. अशाने मन पाघळतं, आणि पाघळलेल्या मनाने न्याय होत नाही. दर्शना तिला पार बांधापर्यंत पोचवायला गेली. बराच वेळ आली नाही.

५ मे, मंगळवार, महाड कोर्ट



नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला होता. वारा, उतार, गवत, सगळं सिद्ध करायची तयारी! कुणी उघडलासुद्धा नाही. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. तात्या म्हणाला, "व्हय सायेब, माजाच." संपलं! वय पाहून, पहिलाच गुन्हा म्हणून, कबुली दिली म्हणून — किरकोळ दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे काय? तर संध्याकाळपर्यंत तिथेच बाकावर बसायचं. आमच्या शाळेत याहून मोठी शिक्षा होती!

म्हटलं, निदान ही तरी पुरती भोगतो का पाहू. समोरच्या बाकावर बसलो. तात्या मुंडासं मांडीवर घेऊन बसलेला. पाठ टेकली नाही. साहेब जेवायला उठले, सगळे उठले, हा उठला नाही. मी दर्शनाने दिलेला डबा सोडला तर आत भाकऱ्या दोघांच्या, दोन फडक्यांत वेगळ्या. एकीबरोबर मऊ भात कालवलेला. बिनदाताच्या माणसासाठी! ही बाई नक्की कुणाच्या बाजूची? फडकं तात्याकडे सरकवलं. त्याने विचारलं, "पोरीचा हात मिटतो का आता?" मी भाकरी मोडायला घेतली.

संध्याकाळी साहेब गेले. शिपाई खिडक्या लावायला लागला. तात्या बसलेलाच. सुटलास म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "ऊठ तात्या. संपलं."

माझ्याकडे बघत राहिला. "येवढंच?"

तेच तर मी म्हणतोय!

६ मे

नकाशा चुलीत घातला.

२४ मे

ढग उतरलेत. दाढीत, म्हणजे भाजलेल्या रोपवाफ्यात, बी टाकायची घाई. सकाळी पाहतो तर तात्या बियाण्याची पाटी घेऊन आमच्या भाजलेल्या राबात उतरतोय! मी ओरडलो, माझ्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, बस तिथेच! तो मुकाट बांधावर बसला.

दर्शना मागे उभी होती. म्हणाली, "माझा हात चालत नाय म्हणून मी बोलावलं त्यांना."

आणि मग म्हणाली, "काडी मी लावली होती. तात्या विझवायला आले होते."

मला का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"सहाणेवर तुम्ही ओरडत होतात तेव्हा मी सांगायलाच पायरी उतरत होते. तात्या माझ्या आधी पुढे गेले. मग तुम्ही सगळ्यांना विचारलंत. वारा कुठला, गवत किती, कलम कुठलं. मला कुठे काय विचारलंत?"

ती चुलीकडे गेली. मी खोलीत येऊन बसलोय. खिडकीतून बांध दिसतो. तात्या अजून तिथेच आहे, पाटी मांडीवर घेऊन, पाठ ताठ. ऊठ म्हटल्याशिवाय उठायचा नाही.