कोंबड्यांनी खाल्लेलं बी

मास्तर,

आज माझ्या आठवीच्या वर्गात आपल्या त्या कोंबड्या शिरल्या, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा मी बारा वर्षांची होते. मनोरीची ही पोर फार तर घरातली पत्रं वाचून दाखवील असं तुम्हांला वाटलं असेल. मी बी. ए. झाले, मास्तर. आमच्या घरात पहिलीच. निकाल कळला त्या दिवशी बापूस शेताच्या बांधावरून ओरडत गेला, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला त्याने 'बी. ए. म्हणजे काय' ते वेगवेगळं सांगितलं.

जूनपासून अंधेरीला मिशनच्या मुलींच्या हायस्कुलात शिकवते. मराठी, भूगोल, आणि आठवीला धर्मशिक्षण. हा शेवटचा तास आजवर सिस्टरांनीच घेतलेला. साडी नेसलेल्या, तेवीस वर्षांच्या बाईने धर्म शिकवावा हे इथे सगळ्यांना रुचलेलं नाही. मुख्याध्यापिका मदर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "नाताळाआधी फादर परीक्षेला येतील. मुली अडखळल्या तर तास परत सिस्टरांकडे. मग रडायचं नाही, टीचर." मी "हो मदर" म्हणाले, पण हा तास जाऊ नये म्हणून मी सहा महिने जिवाचं रान केलं. भूगोलाच्या तासाला मुली नदी कुठून निघते ते लिहून घेतात. या तासाला त्या माझ्या तोंडाकडे बघतात. प्रश्नोत्तरांची वही मी घडाघडा पाठ करून घेतली, तुमच्यासारखीच. पण शेवटची दहा मिनिटं ठेवली त्यांच्या प्रश्नांना. ते मात्र तुमच्यासारखं नाही. म्हणजे, मला आधी तसं वाटायचं.

तुम्हांला आठवतो तो रविवार? मी नऊ वर्षांची. मिस्सा सुटल्यावर देवळाशेजारच्या खोलीत धर्मशिक्षणाला आम्ही चटईवर बसलोय, बाहेर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, आणि तुम्ही येशूचा बी पेरणाऱ्याचा दाखला सांगताय: काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत. मी उभी राहिले. "मास्तर, त्याला शेती येत नव्हती काय? माझा बापूस एक दाणा सांडला तरी वाकून उचलतो. आधी पालापाचोळा जाळून राब भाजायचा, त्यात बी टाकायचं, मग लावणी. असा फेकत कोण सुटतो?" पोरं खो खो हसली. तुमचं तोंड लाल झालं. "शास्त्र शिकवतेस मला? गुडघे टेक!" तास संपेपर्यंत मी गुडघ्यांवर होते. चटईची नक्षी दोन दिवस गुडघ्यांवर होती.

पुढच्या शनिवारी तुम्ही आमच्या खळ्यावर आलात. मला वाटलं, आता बापसाला सांगणार. तुम्ही रुमालाची गाठ सोडली. आत मूठभर भात, तुमच्या स्वतःच्या कणगीतलं. "पोरी, तुझा प्रश्न आठवडाभर माझ्या दातांत अडकलाय. हे घे. टाक. कुठेही टाक." मी बापसाकडे बघितलं. तो म्हणाला, "मास्तरांचं भात, मास्तर जाणे." मी फेकलं, वाटेवर, दगडांवर, कुंपणाच्या काट्यांत. असा मोकळा हात मी जन्मात कधी सोडला नव्हता. क्षणात आमच्या कोंबड्या धावत आल्या आणि सगळं टिपून गेल्या. मी रडवेली झाले. तुम्ही मात्र हसत सुटलात. "तुझ्या बापसाकडे बी मोजकं, म्हणून तो जपतो, आणि ते बरोबरच आहे. देवाचं बी सरत नाही. त्याने का म्हणून हात आखडावा? आणि कोंबड्या तरी कुणाच्या गं? त्यांचं पोट भरलं ना?" जाताजाता हळूच म्हणालात, "तुला गुडघे टेकवायला नको होते."

आज फादर आले. मागच्या भिंतीपाशी मदर, हातात जपमाळ. मुली फडाफड उत्तरं देत होत्या. शेवटी फादर रीत म्हणून म्हणाले, "कुणाला काही विचारायचं आहे?" रीत म्हणूनच सगळ्या गप्प बसणार होत्या. पण मागच्या बाकावरची, गावठाणातल्या शेतकऱ्याची मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, उभी राहिली. "फादर, तो पेरणारा अडाणी होता का? माझे आजोबा तिथे असते तर त्यांनी त्याला बांधावरून हाकललं असतं."

जपमाळ थांबली. आणि मास्तर, माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला. "खाली बस!" ती बसली. तिचं तोंड बघितलं आणि माझेच गुडघे दुखले. गेला तर जाऊ दे तास, असं वाटलं. "नाही, उभी राहा," मी म्हणाले, "प्रश्न चांगला आहे." आणि मग मोजकं बी, न सरणारं बी, कोंबड्या, सगळं सांगून टाकलं. हात फेकून दाखवला तेव्हा टेबलावरची खडूची पेटी खाली गेली. मुली हसल्या. फादर तर पोट धरून हसले. ते वसईकडच्या शेतकरी घरातले निघाले. "आमच्या वडलांनी हाच वाद मरेपर्यंत घातला," ते म्हणाले, "त्यांना कोंबड्या सुचल्या नाहीत!"

ते गेल्यावर मदरांनी मला थांबवलं. "तास तुमचाच, टीचर. पण कोंबड्या जरा कमी." बोलताना त्यांच्याही ओठांचे कोपरे हलत होते. मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले. ती मुलगी खाली उभी होती, म्हणाली, "बाई, आजोबांना सांगू का हे?" "सांग," म्हटलं, "आणि ते काय म्हणतात ते मला सांग."

हे पत्र वहीतच राहील. एवढंच कबूल करायचं होतं. फादरांनी जाताना विचारलं होतं, "हे उत्तर कुठे मिळालं तुम्हांला?" मदर बघत होत्या, मुली बघत होत्या, मी नुकतीच जिंकले होते. मी म्हणाले, "असंच सुचलं, फादर."