फोर-के स्क्रीनवरची कप्तानी

२ मार्च, रविवार
गेममध्ये पुन्हा सगळ्यांत आधी मीच मेलो. संताप संताप झाला. टीम तिघांची: मी कॅप्टन, बायको आणि तिचा भाऊ. मेव्हणा त्याच्या घरून हेडफोनवर म्हणतो, भाऊजी, शत्रू नाकासमोर होता की! नाकासमोर काय, कपाळ? मला दिसले चार ठिपके. ठिपक्यांवर नेम धरायला मी काय रांगोळी काढतोय? दोष स्क्रीनचा.
निश्चय: फोर-के मॉनिटर. चौपट स्पष्ट चित्र.
सोळा तारखेला स्पर्धा. पहिल्याच फेरीत बाहेर पडलो तर कॅप्टन बदलायचा, असं मेव्हण्याने सुचवलं. बायको लगेच हो म्हणाली. घरातच फितुरी.

५ मार्च
मॉनिटर आला. कपाटाचं दार आता अर्धंच उघडतं. बायको म्हणाली, अहो, कपडे कसे काढू? म्हटलं, तिरका हात घाल.
गवताचं पातं न् पातं दिसतं! शत्रूच्या शर्टाचं एक बटण तुटलंय. ते बघताना मेलो. पण काय स्पष्ट मेलो!

८ मार्च
गेम अडकतो. बंदूक उचलली, चित्र थांबलं. सरकलं तेव्हा मी आडवा.
मेव्हणा म्हणे, पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, चौपट झाले, ते रंगवणारं ग्राफिक्स कार्ड मात्र जुनंच. रंगारी तोच, भिंत चौपट. धापा टाकणारच तो. रेझोल्यूशन खाली आणा, ठिपके कमी होतील.
याला विचारलं कोणी? स्वतः पाटीएवढ्या स्क्रीनवर खेळतो. विचारलं, तुला झाड आणि माणूस यांतला फरक तरी कळतो का? म्हणाला, झाड गोळ्या घालत नाही, तेवढा फरक पुरतो.
उद्धट. रेझोल्यूशन खाली आणणार नाही म्हणजे नाही.

११ मार्च
सेटिंगमध्ये सावल्या बंद केल्या. धुकं बंद. पाण्यातली प्रतिबिंबं बंद. शेवटी गवतही बंद. आता बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पण जे उरलंय ते अत्यंत रेखीव आहे.
तरी अडकतंच. कॉम्प्युटरचा पंखा इतका घरघरतो की बायकोने आतून विचारलं, दळण टाकलंय का?
दार लावून घेतलं.

१४ मार्च
बायको जुन्या लॅपटॉपवर खेळते. तिच्या स्क्रीनवर माणसं म्हणजे नुसते ठोकळे. एकामागून एक टिपत होती. विचारलं, तुला कळतं तरी कसं? म्हणाली, हललं की मारते.
सौंदर्यदृष्टी शून्य. अशांच्या हाती टीम गेली तर झालंच कल्याण.

१६ मार्च, रविवार, दुपार
स्पर्धा. भिंतीआडून पाहिलं, उजवीकडे सगळं मोकळं. कॅप्टन म्हणून ओरडलो, उजवीकडे पळा! दोघं पळाली. मग चित्र सरकलं. उजवीकडे शत्रूची अख्खी फौज.
मी जे पाहिलं ते खरंच होतं. जरा आधीचं होतं, इतकंच. हे कोणी समजूनच घेत नाही! मेव्हणा म्हणाला, भाऊजी, तुम्ही काल काय झालं ते फार छान सांगता.
पहिल्याच फेरीत बाहेर. मतदान झालं. मला एक मत पडलं. माझं.
नवीन कॅप्टन बायको. पहिला हुकूम: रेझोल्यूशन खाली.

१७ मार्च
घरात शांतता राहावी एवढ्यासाठी खाली आणलं. सगळ्यांत खाली.
गेम लोण्यासारखा चालतो. अडकणं नाही, थांबणं नाही. शत्रू समोर, अगदी वेळेवर. नेम धरला. गोळी भिंतीत. पुन्हा धरला. पुन्हा भिंतीत, गोळ्या संपेपर्यंत. तो उभा राहून माझं रिकामं पिस्तूल बघत होता.
कॅप्टन म्हणाली, अहो, आम्ही दोघं झाडीत लपतो, तुम्ही मागे गाडीत बसून राहा. कशालाही हात लावू नका.
बसलो. राग गिळून बसलो.
हॉर्न चुकून वाजला. तिघंही मेलो.