रायनियाची खोटी स्लाइड

३ फेब्रु., मंगळ.
निवृत्तीला पंचवीस दिवस. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं कपाट आवरायला घेतलं. 'रायनिया, खोडाचा आडवा छेद' ही स्लाइड सापडली. सापडली कसली, कुठं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. खरी स्लाइड नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याच हातून फुटली. विभागप्रमुखांना सांगायची छाती झाली नाही. बागेतल्या कुंडीतल्या सायलोटमचा छेद घेतला, वर रायनियाचं लेबल डकवलं. दोन्हींना मुळं नाहीत, पान म्हणावं असं पान नाही, नुसत्या फाटे फुटत गेलेल्या काड्या. म्हटलं, कोण बघतंय! रायनिया म्हणजे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचं, कधीच संपलेलं कूळ, आणि मी ते कुंडीतल्या झाडावर भागवलं.

५ फेब्रु., गुरु.
सुनंदाचा फोन. जेऊरची, माझी जुनी विद्यार्थिनी. आता कुर्डुवाडीला कॉलेजात शिकवते. त्यांच्याकडं रायनिया नाही, आपली स्लाइड न्यायला शनिवारी येतेय. आमचे प्राचार्य परस्पर हो म्हणून बसलेत.
हिच्याच जर्नलवर मी काट मारली होती. रायनियाच्या खोडात मधला पाणी वाहणारा भाग गोल असतो, सायलोटमचा चांदणीसारखा. पोरीनं दिसली तशी चांदणी काढली. मी लाल शाईनं लिहिलं, पुस्तक बघून काढा. बाकीच्यांनी पुस्तकातला गोल उतरवला, त्यांना पैकीच्या पैकी. तेव्हाही लाज वाटली होती, पण...

७ फेब्रु., शनि.
आली. चहा झाला. स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावून बराच वेळ बघत राहिली. मला राहवेना. फुटल्यापासून सगळं सांगून टाकलं.
चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "सर, त्यानंतर मी डोळ्यांनी बघून चित्र काढलंच नाही की कधी. मुलांनाबी तेच सांगते, पुस्तक बघून काढा."
स्लाइड घेऊन गेली. नको म्हणायला तोंड कुठं होतं.

८ फेब्रु., रवि.
घरी हिला सांगितलं. म्हणाली, तीन आठवडे राहिलेत, उगाच कशाला उकरून काढताय. पटलं. थोडा वेळ.
दुपारी सुनंदाचा मेसेज. बुधवारी अकराला मुलांचं प्रॅक्टिकल आहे. स्लाइड लावणार आहे, लेबल काढून. सर, ती कसली आहे ते तुम्हीच येऊन सांगा.
बुधवारच्या रजेचा अर्ज लिहायला बसलो. कारणाच्या जागी 'खाजगी' लिहिलं आणि खोडलं. अजून ती जागा मोकळीच आहे.