मामाच्या दोरातला चौथा सांधा

मामा,

आधी हातातला चहा खाली ठेव. गोदीतला तुझा लाडका जुना दोर मी कापला. मुद्दाम, बरोबर मधोमध.

मग काय करणार? "गाठ मारली की दोर अर्धा मरतो, पेड एकमेकांत गुंफले की सांधाही दोरच होतो," हे तू सगळ्यांना शिकवतोस. मला मात्र म्हणतोस, "तुझे हात फक्त खोड्या काढायला!" म्हणून त्याच दोरातले तुझे तीन सांधे बघत बघत मी चौथा गुंफला. चार वेळा फसला, पाचव्यांदा बसला. आधी मी स्वतः लोंबकळलो, मग भरलेली पिंपं टांगली. तसूभर सरकला नाही!

आणि काल तोच सांधा आपला समजून तू नव्या पोरांपुढे धरलास. "बघा रे, याला म्हणतात हात!" मागे उभा राहून हसू दाबताना माझं पोट दुखलं.

मामा, तो हात माझा होता! आता तरी शिकवशील ना?

हे पत्र आत्ता खिशात ठेवतो, धीर झाला की तुला देईन. पण वाचलंस की, पाया पडतो, सांधा माझा होता हे कुणाला सांगू नकोस. त्या पोरांना तर मुळीच नको. ती तुला हसलेली मला चालणार नाहीत.

तुझाच,
उपद्व्यापी भाचा