दोन सुईवाले आणि एक शिंपी

ती. ताईस,

धाकट्याचा पूर्ण जागेपणी केलेला नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का? दाजींचा खोकला कसा आहे, आणि त्यावर औषध कुठलं हा तुम्हा दोघांचा वाद मिटला का? आम्ही सगळे ठीक आहोत, फक्त माझी झोप घर सोडून गेली होती. (ते घरात सगळ्यांना कळलं, कारण मी एकेकाला उठवून सांगत होतो.) शेवटी मी वकिलाच्या कोटाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या, तेव्हा तुझ्या भावजयीने मला ओढतच ॲक्युपंक्चरवाल्या डॉक्टरांकडे नेलं. जन्मभर सुई धरणारा माणूस सुईला काय भिणार, असं तिचं म्हणणं. धरणं आणि टोचून घेणं यात फरक असतो, हे तिला कोण सांगणार.

डॉक्टर वयस्कर. ते मनगटं, पोटऱ्या, पावलं आणि भुवयांच्या मधोमध सुया टोचून अर्धा तास निजवून ठेवतात. (हात सफाईचा. शिंपी म्हणून सांगतो, माणूस टाका चुकत नाही.) तिथे बरं वाटायचं, घरी आलं की डोळे पुन्हा टक्क. म्हणून मी गुपचूप त्यांच्या दवाखान्यासमोरच्याच दारातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्या मते सगळं शरीर कानात मावतं. त्यांनी कानाला दोनचार सुया टोचल्या, मग पट्टीखाली बारीक बिया चिकटवल्या आणि निजताना दाबायला सांगितल्या. कान दाबत पडलं की मला शाळा आठवायची, झोप नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना ती पट्टी दिसली. बाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आणि गुरूची पद्धत सोडल्यापासून दोघांचं बोलणं बंद. मला सुयांसकट तसाच ठेवून ते बाईंना घेऊन आले.

"माझ्या पेशंटच्या कानाला हात लावायला कुणी सांगितलं?"

"कान त्यांचाच होता, सर. तेच घेऊन आले होते."

मग माझ्या पोटावरून दोन्ही बाजूंनी वाद सुरू झाला. पायाने झोप येते की कानाने, सुया किती, वेळ किती. ताई, दुकानात दिवसभर लोक माझ्याशी वाद घालतात. इथे वाद चालू होता आणि मला एका अक्षराचंही उत्तर द्यायचं नव्हतं. एवढं सुख मला सोसलं नाही. मी घोरायला लागलो.

जाग आली तेव्हा खिडकीबाहेर अंधारलं होतं. दोघं शेजारी बसून चहा पीत होते आणि श्रेय कुणाचं यावर भांडत होते, पण मी उठू नये म्हणून कुजबुजत. दाराशी तुझी भावजय बसली होती. खूप दिवसांनी तिच्या कपाळावर आठी नव्हती.

तुझा,
धाकटा

ता. क. आता त्या दोघांची दिलजमाई झाली आहे. मला एकमताने तपासतात, आणि मी पुन्हा जागा. तेव्हा तू आणि दाजी थोडे दिवस आमच्याकडे राहायला या. पलीकडची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे, मधली भिंत पातळ आहे. विषय कुठलाही चालेल.

आणखी एक ता. क. दाजी येत नाही म्हणाले, तर का येत नाही एवढंच त्यांना विचार आणि मला फोन लावून ठेव. मी काही बोललो नाही तरी बंद करू नकोस.