पहिली पसंती

बाई, तुमच्या नाशिक रोडच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आज सारखं डोळ्यांसमोर येतंय. तुम्ही भाकरी थापताय, ओट्याच्या कडेला माझा बारावीनंतरचा प्रवेशाचा फॉर्म, आणि त्यात सगळ्यात वर मी नाशिकमधलंच, हमखास मिळेल असं कॉलेज लिहिलेलं. पिठाच्या हातानंच तुम्ही कागद उचललात. "पुण्याचं सरकारी कुठंय?" मी म्हटलं, मला कोण घेतंय तिथं! "नाही म्हणायचं काम त्यांचं आहे. ते तू कशाला अंगावर घेतेस?" असं वर्गातल्यासारखं दरडावून तुम्ही मला ते पहिलं लिहायला लावलंत. ते मिळालं नाही. नाशिकचं मिळालं, ते कुठं पळून गेलं नव्हतं. पण पुण्याच्या यादीत नाव नाही म्हणून मी रडरड रडले आणि मनात तुम्हालाच बोल लावला. पुढच्या वर्षी तुम्ही कायमच्या गेलात.

आता माझा धंदाच तो आहे, बाई. मुलं मार्क घेऊन ऑफिसात येतात, मी मागच्या वर्षीच्या याद्या काढते आणि कुठं लागेल, कुठं नाही ते सांगते. अंदाज सहसा चुकत नाही, आणि त्याचा मला माजही आहे. बाहेर बोर्ड लावलाय, 'आमच्या मुलांना पहिलीच पसंती मिळते.' न मिळायला काय झालं? हमखास लागणारं कॉलेजच मी पहिलं लिहायला लावते.

यंदा सायखेड्याहून एक मुलगी वडिलांबरोबर आली. फुलशेती आहे त्यांची. झेंडू मार्केटला उतरवून दोघं तसेच आले होते. तिनं एकदाच विचारलं, "मॅडम, पुण्याचं सरकारी कॉलेज वर टाकू का? लागलं तर लागलं." मी हसले. "तुझ्या मार्कांना नाही लागत गं. उगाच जीव टांगणीला कशाला लावायचा?" तिनं मान हलवली. पहिल्याच फेरीत तिला पहिली पसंती मिळाली. म्हणजे नियमानं ती जागा पक्की, आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. वडील पेढे घेऊन आले. "मॅडम, पयल्याच झटक्यात काम झालं. लय उपकार झाले तुमचे." मी दोन पेढे खाल्ले.

काल शेवटच्या फेरीची यादी लागली. यंदा पुण्याचं ते कॉलेज कमी मार्कांवर उतरलंय. तिच्याहून कमी मार्कांची मुलं तिथं लागलीत. ते वर लिहिलं असतं, तर आधी खालचं हातात राहिलं असतं आणि आता हे मिळालं असतं. तुम्ही मला तेच शिकवत होतात, आणि माझ्या लक्षात राहिलं ते फक्त रडणं. मुलांना तसं रडायला लागू नये म्हणून मी हे करते, असं सगळ्यांना सांगत आले. पण त्या पोरीला नकार द्यायची घाई पुण्याला नव्हती, मला होती. बोर्डासाठी. फार शरम वाटते, बाई.

सकाळी तिचा मेसेज आलाय. पुण्याच्या यादीचा फोटो, शेवटच्या नावाच्या मार्कांभोवती गोल, आणि खाली एवढंच, "मॅडम, हे माझ्यापेक्षा कमी आहे ना?"

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच ते लिहायला सोपं जातंय. तिला फक्त 'हो' लिहायचं आहे, आणि ते टाळायला मी सकाळपासून तुमच्याशी बोलत बसले आहे.